खेळपट्टी, गुंठे आणि मोराची झेप

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या रविवारी दिंडोरी तालुक्यातल्या एका गावी मुलांची प्रश्नमंजुषा घ्यायला गेलो होतो. देवळाच्या सभामंडपात सतरंज्या टाकलेल्या. पुढे मुलं, मागे खांबांना टेकून घरची मोठी माणसं. मी विचारलं, क्रिकेटची खेळपट्टी किती लांब असते? प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर. "22 यार्ड!" बरोबर. मग म्हटलं, 22च का? 20 का नाही, 25 का नाही? सगळे हात खाली आले.

तेवढ्यात मागून एक आजोबा बोलले. द्राक्षबागायतदार, आयुष्य शेतात गेलेलं. "मास्तर, 22 यार्ड म्हंजे फूट किती?" मी म्हटलं, 66. "मग आपल्या दोन साखळ्या झाल्या की!"

श्रोतेहो, हा प्रश्न मी कितीतरी वर्षं विचारतोय, पण असं उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. आपल्याकडची जमीनमोजणीची जुनी साखळी 33 फुटांची, तिचे 16 सारखे भाग, त्यांना आणे म्हणायचं. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे झाले की एकर. आता इंग्लंडात चला. तिथे 17व्या शतकात एडमंड गंटर या गणितज्ञानं मोजणीसाठी 100 कड्यांची साखळी काढली, तिची लांबी 66 फूट, म्हणजेच 22 यार्ड. एक साखळी रुंद आणि दहा साखळ्या लांब अशी पट्टी घेतली की बरोबर एक एकर भरतो. 1744 साली क्रिकेटचे नियम लिहिले गेले, त्यात दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांमधलं अंतर हेच 22 यार्ड, एक साखळी. खेळपट्टीच्या लांबीएवढी बाजू धरून चौरस आखा, चार गुंठे होतात. आजोबांनी ते बोटांवर मोजून दाखवलं आणि अर्धी मुलं उठून शेजारच्या मोकळ्या रानात पावलं टाकायला पळाली. प्रश्नमंजुषा तिथेच थांबली, आणि मला त्याचा आनंदच झाला.

आपल्या नाशकात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. पोलीस भरतीची, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं सामान्यज्ञानाची जाड पुस्तकं पाठ करतात. त्यांच्या मेहनतीबद्दल मला फार आदर आहे. पण एका ओळीच्या उत्तरावर ती थांबतात तेव्हा जीव हळहळतो, कारण खरी गंमत त्या ओळीच्या पलीकडे असते.

आता एक गणित सांगतो. कागद-पेन्सिल घ्या. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं आहे, म्हणजे साडेआठशे वर्षांहून जुनं. नऊ हात उंचीचा एक खांब, त्यावर मोर बसलाय. खांबाच्या बुंध्याशी सापाचं बीळ. साप 27 हातांवरून सरळ बिळाकडे येतोय. मोरानं त्याला पाहिलं आणि तिरकी झेप घेतली. दोघांनी सारखंच अंतर कापलं आणि गाठ पडली. तर बिळापासून किती हातांवर? तुम्ही आकृती काढा, तोवर मी पुढे बोलतो.

गौतमीपुत्र सातकर्णीनं कोणाचा पराभव केला? पुस्तकातलं उत्तर: क्षहरात घराण्यातला राजा नहपान. पण हे कळलं कशावरून? 1906 साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13 हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातकर्णीनं पुन्हा स्वतःचा ठसा मारलेला. असं एखादं नाणं डोळ्यांसमोर आणा. खाली नहपानाचा चेहरा, आणि त्याच्या गालावरून, नाकावरून तीन कमानींच्या टेकडीचं चिन्ह उमटलेलं. चांदी न वितळवता राज्य बदललं! आणि आपली पांडवलेणी बघा. 10 नंबरच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात आपल्या दानांची यादी कोरून ठेवतो, आणि थोडं पुढे 3 नंबरच्या लेण्यात सातकर्णीची आई गौतमी बलश्री सांगते की माझ्या मुलानं क्षहरातांचा वंश निःशेष केला. एकाच डोंगरात हरलेलेही बोलतात आणि जिंकलेलेही. पुढच्या वेळी तिथे जाल तेव्हा फोटो काढून झाला की या दोन लेखांपाशी दोन मिनिटं उभे राहा, एवढी विनंती.

सिनेमाचंही तसंच. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913चा, हे सगळ्यांना पाठ. त्यातली तारामती अण्णा साळुंके या पुरुषानं केली, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, अशा दोन स्त्रिया पडद्यावर आल्या. तोवर फाळक्यांनी आपलं बिऱ्हाड नाशकात आणलं होतं. ही कमलाबाई म्हणजे आपल्या विक्रम गोखल्यांची आजी.

आणि सावरपाड्याची आपली कविता राऊत! 2010च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये तिनं कांस्यपदक मिळवलं. 400 मीटरच्या मैदानाच्या 25 फेऱ्या. त्या प्रत्येक फेरीत आतल्या कडेला चिकटून धावायचं, कारण एक मार्गिका बाहेर सरकलात तर फेरीमागे सात मीटरच्या वर जास्त पळावं लागतं. भूमिती तिथेही सोडत नाही.

झालं का मोराचं गणित? उत्तर 12 हात. बिळापासून 12, म्हणून साप 27 वजा 12, म्हणजे 15 हात चालला. मोराची झेपही 15 हातच, कारण नऊचा वर्ग 81, बाराचा 144, बेरीज 225, आणि 225 चं वर्गमूळ 15. या 9, 12, 15 ला तीननं भागा. 3, 4, 5 येतात. तुमच्या घराचा पाया आखताना गवंड्यानं हेच केलं असणार. कोपऱ्यात खुंटी ठोकली, एका दोरीवर तीन फुटांवर खूण केली, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये टेप धरला. पाच फूट भरले तेव्हाच "काटकोन बसला" म्हणून तो पुढच्या कोपऱ्याकडे वळला.

नमस्कार.