नोंदणी दिनांकापासून

[दृश्य: टेबलावर प्लास्टिकची फाइल. एकेक कागद बाहेर निघतो.]

दहावीची सनद. शाळा सोडल्याचा दाखला. एम.ए.च्या गुणपत्रिका. जातीचा दाखला आणि त्याची व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र. डोमिसाईल. तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला. पीएचडी नोंदणीचं पत्र, गाइडचं मान्यतापत्र, संशोधन केंद्राचं बोनाफाईड. आणि शेवटी, मी कुठेही पगारी नोकरी करत नाही, असं प्रतिज्ञापत्र.

महाराष्ट्रात सरकारी संशोधन फेलोशिपसाठी, म्हणजे पीएचडी करताना दरमहा मिळणाऱ्या विद्यावेतनासाठी, अर्ज करायचा तर साधारण एवढी फाइल लागते. यातले निम्मे कागद गावाकडे मिळतात, निम्मे विद्यापीठात. ज्यांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेलं हे पहिलंच माणूस आहे, त्यांना कुठला कागद कुठल्या टेबलावर मिळतो हे सांगणारं घरी कुणी नसतं. ते कळतं सीनियर मुलामुलींकडून, होस्टेलच्या खोलीत किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर.

[दृश्य: पुणे, राणीचा बाग परिसर. संस्थेचं प्रवेशद्वार.]

अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी बार्टी, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था. तिचं कार्यालय इथे, पुण्यात. मराठा आणि कुणबी समाजासाठी 2018 मध्ये सारथी सुरू झाली, तीही पुण्यातच. इतर मागासवर्ग, भटक्या विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी 2019 मध्ये महाज्योती आली, ती नागपुरात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. या सगळ्या राज्याच्या.

केंद्राचा सर्वात मोठा रस्ता म्हणजे नेट-जेआरएफ: नेट ही देशपातळीवरची पात्रता परीक्षा, आणि जेआरएफ म्हणजे तिच्यातून मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप. तीन तास, दोन पेपर, 150 प्रश्न, 300 गुण. जेआरएफ मिळालं की पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे सीनियर फेलो झाल्यावर 42,000. घरभाडे भत्ता वेगळा. हे दर 1 जानेवारी 2023 पासूनचे. त्याआधी 31,000 आणि 35,000 होते.

आकडा ऐकून गावात लोक म्हणतात, पोरगं कमवायला लागलं. आणि खरंच आहे ते. सदतीस हजारात पुण्यात खोलीचं भाडं निघतं, मेस निघते, घरी थोडे पाठवता येतात, आणि दिवसभर ग्रंथालयात बसता येतं. संध्याकाळी क्लासवर शिकवायला धावावं लागत नाही. ती मोकळी संध्याकाळ मिळाली की प्रबंध पुढे सरकतो. म्हणून ही रक्कम दर महिन्याला हातात पडणं महत्त्वाचं. एकदम दीड वर्षाची थकबाकी जमा झाली तर कर्ज फिटतं. पण त्या दीड वर्षात जे फिल्डवर्क झालं नाही, ते परत येत नाही.

[दृश्य: विद्यापीठाचा विभाग. कपाट, रजिस्टर, शिक्के.]

निवड झाल्यावरचं काम कॅमेऱ्यात कुणी टिपत नाही, म्हणून आम्ही इथे जरा थांबलो.

महिना संपला की हजेरीपत्रक. त्यावर आधी गाइडची सही, मग विभागप्रमुखांची. सहीखाली आडवा शिक्का, बाजूला विभागाचा गोल शिक्का. मग आवक-जावक टेबल. तिथल्या रजिस्टरमध्ये नोंद होऊन कागदावर जावक क्रमांक पडल्याशिवाय तो कागद पुढे जात नाही. गाइड परीक्षेच्या कामाला बाहेरगावी असले तर सही थांबते. जावक टेबलवरचे भाऊसाहेब रजेवर असले तर नंबर थांबतो.

केंद्राच्या फेलोशिपमध्ये हेच काम पोर्टलवर होतं. विद्यापीठातला एक कर्मचारी दर महिन्याला विद्यार्थ्याची माहिती भरतो, त्याला ‘मेकर’ म्हणतात. दुसरा ती तपासून मान्य करतो, तो ‘चेकर’. दोघांपैकी एकाचं बटण दाबायचं राहिलं की त्या महिन्याचे पैसे अडकतात. संशोधकाचं यात काहीही चुकलेलं नसतं.

तपासणी हवीच. हा जनतेचा पैसा आहे, आणि दोन वर्षांनी संशोधकाच्या कामाचं मूल्यमापन करायला तिघांची समिती बसते, बाहेरचा विषयतज्ज्ञ येतो, हे योग्यच आहे. पण विद्यार्थ्याने प्रत्येक तारीख पाळायची आणि पैसे देणाऱ्यावर मात्र तारखेचं बंधन नाही, हे न्यायाचं नाही.

[दृश्य: वर्तमानपत्रांची कात्रणं. परीक्षा केंद्राबाहेरची गर्दी.]

आता 2023 कडे येऊ. त्या वर्षी राज्य सरकारने सगळ्या संस्थांसाठी समान धोरण आणलं. बार्टी, सारथी, महाज्योती, प्रत्येकी 200 जागा. निवडीसाठी सामायिक चाळणी परीक्षा. 24 डिसेंबरला परीक्षा झाली, आणि मुलं बाहेर येऊन सांगू लागली की हा पेपर तर 2019 च्या सेट परीक्षेचाच, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेचाच आहे. ती परीक्षा रद्द झाली. 10 जानेवारी 2024 ला पुन्हा घेतली, तेव्हा प्रश्नपत्रिकांच्या सीलवरून गोंधळ झाला आणि अनेकांनी बहिष्कार टाकला. पुढचे महिने ‘परीक्षा नको, सरसकट फेलोशिप द्या’ आणि, अर्धीच रक्कम देऊ केल्यावर, ‘अर्धी नको, पूर्ण द्या’ या घोषणांमध्ये गेले. याच वर्षी, 18 जून 2024 ला झालेली नेट परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. नऊ लाखांवर विद्यार्थ्यांनी ती दिली होती.

या आंदोलनांमध्ये एक मागणी सतत ऐकू येते: फेलोशिप नोंदणी दिनांकापासून द्या. बाहेरच्या माणसाला ती तांत्रिक वाटेल. हिशोब साधा आहे. पीएचडीला कमाल सहा वर्षं मिळतात. ती मोजली जातात नोंदणीच्या दिवसापासून. जाहिरात उशिरा आली, परीक्षा लांबली, निकाल अडला आणि निवड तिसऱ्या वर्षी झाली, तर पहिली दोन वर्षं गेली कशावर? कुणी खाजगी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवलं, कुणी बापाच्या शेतीतून आणलं, कुणी व्याजाने काढलं. काही जणांनी संशोधन सोडलंच, आणि त्यांची मोजदाद कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.

[दृश्य: जुनं छायाचित्र. लंडनमधली इमारत.]

पैशाची मुदत संपली की अभ्यासाचं काय होतं, याचं सर्वात मोठं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. 1913 मध्ये बडोदा संस्थानाने भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर संस्थानात दहा वर्षं नोकरीचा करार. सयाजीराव महाराजांच्या या निर्णयाचं ऋण मोठं आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आंबेडकरांनी एम.ए. केलं, पुढचं संशोधन सुरू केलं, 1916 मध्ये लंडन गाठलं. आणि 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे तिथलं काम अर्धवट टाकून परतावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पैशाला पैसा जोडणं, शाहू महाराजांची आणि मित्र नवल भथेना यांची मदत, आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन. डी.एससी., म्हणजे डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी, झाली 1923 मध्ये. एवढ्या असामान्य बुद्धीच्या माणसाचीही मधली तीन वर्षं पैशाने अडवली होती.

[दृश्य: ग्रंथालयाचा वाचनकक्ष.]

ज्यांची नोंदणी याच वर्षी झाली आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी.

व्हॅलिडिटी हातात नसेल तर आजच अर्ज करा. जाहिरातीची वाट बघू नका, कारण जाहिरातीत दिलेली मुदत पडताळणी समितीच्या कामाला पुरत नाही. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का, आईचं नाव, आडनाव, स्पेलिंग, हे आधार आणि बँक खात्याशी पडताळा. खातं आधारला जोडलेलं ठेवा. नोंदणीपत्रावरची तारीख स्वच्छ वाचता येते का पाहा, पुढचा सगळा हिशोब तिच्यावरून होतो. अर्जात पाठवलेल्या प्रत्येक पानाची पोच घ्या, जावक क्रमांकासकट. मानव्यविद्यांमध्ये कंटिन्जन्सी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चासाठीची रक्कम, जेआरएफमध्ये पहिली दोन वर्षं वर्षाला फक्त 10,000 रुपये मिळते, विज्ञानात 12,000. प्रवासाचं तिकीट, झेरॉक्सची पावती, पुस्तकाचं बिल जपून ठेवा. मुलींनी हेही लक्षात ठेवावं, की पीएचडीच्या काळात 240 दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजेची तरतूद नियमात आहे. ती मागताना संकोच नको.

आणि विभागात नव्याने आलेल्या मुलीला किंवा मुलाला तुमच्या फाइलमधली यादी द्या. हजेरीपत्रकाचा नमुना, प्रतिज्ञापत्राचा मजकूर, सहा महिन्यांच्या प्रगती अहवालाचा तक्ता. हे सगळं मराठीत, एका जागी, प्रत्येक संशोधन केंद्राच्या फलकावर लागायला हवं. ते लावण्यासाठी शासन निर्णय लागत नाही. विभागप्रमुखांनी ठरवलं तर उद्या सकाळी लागू शकतं.