वजन कमी करताय? मग बटाट्याला माफ करा
डाएट सुरू केलं की पहिली हकालपट्टी बटाट्याची! मला हे अजिबात पटत नाही. का, ते सांगते.

१९९५ साली सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ तपासले. प्रत्येक पदार्थ २४० कॅलरींचाच खायला द्यायचा आणि दोन तास, दर पंधरा मिनिटांनी विचारायचं, पोट किती भरलंय? पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले होते. उकडलेल्या बटाट्याला मिळाले ३२३, सगळ्यांत जास्त. क्रोसाँ, म्हणजे भरपूर लोणी घातलेला पदरांचा फ्रेंच पाव, तळाला, ४७.

कॅलरी सारख्याच, मग एवढा फरक का? वजन बघा. २४० कॅलरींत पाव किलोहून जास्त उकडलेला बटाटा येतो, क्रोसाँ मात्र जेमतेम साठ ग्रॅम. जठर ताणलं गेलं की तिथल्या नसा मेंदूला 'बास' म्हणून कळवतात. हा ताण येतो अन्नातल्या पाण्याने आणि तंतूंनी, म्हणजे फायबरने. पाण्यात कॅलरी शून्य, तेला-तुपात ग्रॅममागे नऊ!

म्हणून तोच बटाटा तळलात की गणित उलटतं, कारण पाणी जातं आणि तेल आत शिरतं. द्राक्षांचंही तेच. १०० ग्रॅम द्राक्षांत ७० च्या आसपास कॅलरी, तेवढ्याच मनुकांत जवळपास ३००. आणि फळाचा रस काढू नका, फळ चावून खा. (मधुमेह असेल तर बटाटा किती खायचा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.)

आता कुणी म्हणेल, मग मी नुसती काकडीच खातो. खा, तासाभरात फ्रिज उघडाल! भूक लांबवायला प्रथिनं लागतात. अंडी, मासे, डाळी, दही, यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवंच. जेवणाआधी भाज्यांचं सूप घेतलंत तर उत्तम, फक्त त्यात क्रीम ओतू नका.

खरेदी करताना पाकिटामागे १०० ग्रॅमला किती कॅलरी लिहिल्यात ते वाचा. दीडशेच्या आत असेल तर निवांत खा. चारशेच्या वर गेलं की हात आखडता घ्या. बदाम-काजूसारखा सुकामेवाही त्यातच येतो. चांगला आहे, पण मूठभरच. ओट्सच्या पाकिटावर ३८० च्या आसपास आकडा दिसेल, घाबरू नका. तो कोरड्या ओट्सचा आहे. पाण्यात शिजवले की तोच सत्तरच्या आसपास येतो.