परतीपासून आखलेली सहल

शरदात चार लहान मुलांना घेऊन बाहेर पडायचं म्हटलं की घरात पहिली चर्चा होते ती ‘कुठे जायचं’ याची. माझं सांगणं असं, की आधी ‘किती वाजता मागे फिरायचं’ ते ठरवा आणि ठिकाण त्यात बसवा. आज मी जे बोलणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी ऋतूचं स्पष्ट करतो. मराठी मनाला पानगळ म्हटलं की शिशिर आठवतो. मी बोलतोय ते समशीतोष्ण प्रदेशातल्या, पानं रंगून गळतात त्या काळाबद्दल. उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरला दिवस आणि रात्र जवळपास सारखे होतात, आणि दिवस सगळ्यात झपाट्याने आखडतो तो याच सुमाराला. ५० अक्षांशावर रोज साडेतीन ते चार मिनिटं, म्हणजे आठवड्याला जवळजवळ पंचवीस मिनिटं. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त संध्याकाळच्या बाजूने जातात. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी ज्या वाटेवरून आरामात उजेडात परत आलो, त्याच वाटेवर आज शेवटचा पाऊण तास चाचपडावं लागतं. काही देशांत याच काळात घड्याळं तासभर मागे घेतात, तिथे तर एका रविवारी दुपार अचानक आखूड होते. आणि झाडीत किंवा दरीत पंचांगातल्या सूर्यास्ताला फारसा अर्थ नसतो, तिथे अर्धा तास आधीच अंधारून येतं.

आता हिशेब करू. समजा सूर्यास्त सहाला आहे. पाचला सगळे गाडीत किंवा बसथांब्यावर हवेत. बूट बदलणं, शू, पाणी, डोकी मोजणं यात वीस मिनिटं जातात, म्हणजे चार चाळीसला वाट संपली पाहिजे. दोनला चालायला सुरुवात केली तर हातात १६० मिनिटं आहेत. ती अर्धी-अर्धी करू नका. जाताना पोरं पळतात, येताना बसकण मारतात, परतीला दीडपट वेळ धरा. म्हणजे जायला साधारण ६५ मिनिटं आणि यायला ९५. तीन वाजून पाच मिनिटांनी, तळं दिसलेलं असो वा नसो, मागे फिरायचं. फोनवर गजर लावा आणि गजराचा अर्थ मुलांना निघण्याआधीच सांगून ठेवा. घंटा वाजली म्हणून परत निघालो, हे मुलांना पटतं. बाबा म्हणाले म्हणून निघालो, यावर वाद होतो.

स्वतःच्या पायांनी चालणारं तीन-चार वर्षांचं मूल काठ्या, डबकी, गोगलगायी सगळं धरून तासाला किलोमीटरभर सरकतं. म्हणजे वरच्या हिशेबात एका बाजूने जेमतेम एक किलोमीटर. हे ऐकून मोठ्यांचा हिरमोड होतो, पण आकडा तोच आहे. शक्य असेल तर दुपारपेक्षा सकाळ गाठा. दहा-साडेदहाला दव जरा सुकलेलं असतं, धाकट्याची झोप व्हायची असते ती साडेबाराच्या परतीच्या प्रवासात होऊन जाते, आणि उशीर झालाच तर पुढे उजेड शिल्लक असतो.

सगळ्यात जास्त गडबड होते ती घरातून निघताना. चार मुलांना पाच-पाच थर चढवायचे, आणि शेवटच्याची चेन लावेपर्यंत पहिला घामाघूम. घाम आतल्या कपड्यात मुरतो, आणि बाहेर गेल्यावर तोच ओलावा गारठवतो. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी मोठी मुलं, ज्यांचं ती स्वतः घालतात, आणि सगळ्यात धाकटं मूल सगळ्यात शेवटी, दाराशी. सर्वांत बाहेरचा थर चढण्याआधी प्रत्येकाची शू झालीच पाहिजे. ‘मला नाही आली’ हे उत्तर मान्य करू नका. पिशव्या आदल्या रात्री भरलेल्या हव्यात. सकाळी फक्त पाणी आणि खाऊ.

कपड्यांबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण सहल बिघडते ती बहुधा इथेच. अंगालगतचा थर सुती नको. सूत पाणी शोषतं आणि धरून ठेवतं. मऊ लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ बनियन हवा. मधे ऊब देणारा थर, वर वारा-पाऊस अडवणारा. लहान मुलांचं वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग जास्त, म्हणून उष्णता लवकर निघून जाते. पण ‘मुलाला मोठ्यांपेक्षा एक थर जास्त’ हा नियम सरसकट लावला की फसतो. बाबागाडीत बसलेलं किंवा पाठीवरच्या झोळीतलं मूल हालचालच करत नाही, त्याला तो जादा थर हवा. जे पळतंय त्याला तुमच्याइतकेच कपडे पुरतात. थंडी बघायची ती हात लावून नाही, हात तर गारच असतात. मानेच्या मागे, कॉलरच्या आत दोन बोटं घाला. कोमट आणि कोरडं लागलं तर ठीक, ओलसर असेल तर एक थर काढा, गार असेल तर चढवा. थांबल्यावर लगेच, खाऊ उघडण्याच्या आधी, एकेक मान तपासायची सवय लावून घ्या.

बाबागाडीवर चादर टाकून ती पूर्ण झाकू नका, आत हवा कोंडते आणि बघता बघता तापते. छातीशी बांधलेल्या बाळाचं तोंड तुम्हाला कायम दिसलं पाहिजे, हनुवटी छातीला टेकलेली नको. तुमचा कोट बाळासकट बंद केलात तरी चेहरा बाहेर ठेवा. आणि गाडीतल्या चाइल्ड सीटमध्ये फुगीर जाकीट घालून पट्टे आवळू नका. धडक बसली की जाकिटातली हवा दबते, पट्टा सैल पडतो आणि मूल निसटू शकतं. जाकीट काढा, पट्टे अंगासरशी आवळा, जाकीट उलटं करून वरून पांघरा.

पाय ओले झाले की सहल संपली असं समजतात, तसं होऊ नये म्हणून माणशी एक जादा पायमोज्याचा जोड आणि दोन साध्या प्लास्टिकच्या पिशव्या ठेवा. बूट आतून भिजले असतील तर पाय पुसायचा, कोरडा मोजा, त्यावर पिशवी, आणि मग तोच ओला बूट. चालताना चुरचुर आवाज येतो, पण पाय तासभर कोरडा राहतो, आणि परतीला तेवढंच लागतं. गमबूट चिखलात खेळायला उत्तम. लांब चालीला ते सैल पडतात, टाच घासते. जवळच खेळायचं असेल तर गमबूट, चालायचं असेल तर घोटा धरणारे बूट. ओल्या पानांखाली मुळं आणि खड्डे दडलेले असतात आणि पानं स्वतः साबणासारखी निसरडी असतात, म्हणून उतारावर ‘पळू नका’ म्हणण्यापेक्षा लहानाचा हात सरळ धरलेला बरा.

आता रंग. शरदातल्या जंगलात लाल, नारिंगी, पिवळा, तपकिरी हे सगळे रंग आधीच पसरलेले असतात. नारिंगी टोपी घातलेलं मूल पानांच्या ढिगाशेजारी बसलं तर वीस पावलांवरून दिसत नाही. गर्द निळा किंवा भडक गुलाबी घ्या. सगळ्या मुलांना एकाच रंगाच्या टोप्या घातल्या तर एका नजरेत मोजणी होते. संध्याकाळसाठी उजेड परतवणाऱ्या पट्ट्या पायांकडे असाव्यात. हलणारा पाय लांबून चटकन नजरेत भरतो.

मोजणीबद्दल दोन मोठ्यांमध्ये एक करार हवा. ‘दोघंही बघतोय’ म्हणजे कुणीच बघत नसतं. एका वेळी एकाचीच जबाबदारी, आणि ती सोपवायची तर तोंडाने: ‘चौघं तुझ्याकडे.’ समोरच्याने ‘चौघं माझ्याकडे’ म्हटल्याशिवाय फोनला हात लावायचा नाही. वाटेतलं प्रत्येक वळण, फाटक, पूल, स्वच्छतागृह इथे मोजायचं. मोठं माणूस एकटंच असेल तर त्याने शेवटी चालावं, पुढे मोठ्या मुलाला पाठवावं आणि थांबायची जागा नेमकी सांगावी: ‘त्या दुभंगलेल्या झाडापाशी थांब.’ नुसतं ‘फार पुढे जाऊ नकोस’ म्हटलं तर मुलाला त्याचं माप कळत नाही.

हरवलंच कुणी तर? अमेरिकेत १९८१ पासून ‘हग अ ट्री’ नावाचा उपक्रम मुलांना एक साधी गोष्ट शिकवतो: वाट चुकली की जवळच्या झाडाला धरून तिथेच थांबा. चालत राहिलेलं मूल शोधपथकाच्या परिघाबाहेर जातं, थांबलेलं सापडतं. मुलांना दोन गोष्टी पक्क्या सांगा, झाड सोडायचं नाही आणि शिट्टी तीन-तीनदा वाजवायची. शिट्टी जाकिटालाच शिवलेली हवी, पिशवीत नको. आणि हेही सांगा की हाका मारणाऱ्याला ओ द्यायची, ओरडा बसणार नाही. लपून बसलेली मुलं पुष्कळदा ओरड्याच्या भीतीनेच गप्प असतात. निघण्याआधी सगळ्यांचा एक उभा फोटो काढा, त्या दिवशीचे कपडे दिसतील असा, आणि बुटांच्या तळव्यांचाही. फोन नंबर मनगटावर पेनाने लिहा.

जंगलातल्या धोक्यांची यादी लांबवत नाही, तीन-चारच सांगतो. वाऱ्याच्या दिवशी झाडीत जाऊ नका. पानं अजून फांद्यांवर असताना वाऱ्याचा जोर जास्त बसतो आणि पावसाने जमीन मऊ झालेली असते, म्हणून फांद्या आणि झाडं पडतात. अळंबीला बोट लावल्याने विष चढत नाही, खाल्ल्याने चढतं. ‘बघायचं, तोंडात नाही, आणि खाण्याआधी हात धुवायचे’ एवढं पुरे. पण एखाद्याने चावा घेतलाच तर लक्षणांची वाट बघत बसू नका. सगळ्यात विषारी जातींची लक्षणं सहा ते चोवीस तासांनी दिसतात, तोवर यकृताचं नुकसान सुरू झालेलं असतं. उरलेला तुकडा घ्या, फोटो काढा, उलटी करायला लावू नका आणि तडक वैद्यकीय मदत गाठा. गांधीलमाश्या या दिवसांत गोडाच्या शोधात असतात आणि पेयाच्या उघड्या डब्यात शिरतात, म्हणून झाकणाचा पेला आणि नळी. आणि रस्त्याकडेच्या पानांच्या ढिगाऱ्यात उड्या कधीच नाहीत, गाडीवाल्याला त्यात मूल दिसत नाही. मैदानातल्या ढिगातही आधी काठी फिरवून बघा. काचा असतात, हेजहॉगसारखा छोटा काटेरी प्राणी असतो, कधी नुसताच दगड असतो.

खाऊ लवकर आणि थोडा थोडा द्या, दर पाऊण तासाला, बसून. पाचच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे-बदाम नकोत, द्राक्षं उभी चिरून चार फोडी करून. गोळा केलेल्या बियांनाही हेच लागू आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात काय अडकू शकतं ते तपासायला खेळणी बनवणारे जे नळकांडं वापरतात त्याचा व्यास सुमारे ३.२ सेंटिमीटर असतो. ओकची फळं त्यातून अलगद आत जातात. धाकट्याला पाइनच्या झाडाचा मोठा शंकू, मोठं पान, जाड काठी द्या.

इतक्या तयारीनंतर बघायचं काय? मला विचाराल तर दहा मिनिटं एकाच फांदीपाशी बसा. पान पिवळं होतं तेव्हा पिवळा रंग नव्याने येत नाही, तो आधीपासून आत असतो. हरितद्रव्याचं विघटन होत जातं आणि कॅरोटिनॉइड नावाची पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं उघडी पडतात. लाल मात्र नवा असतो, तो अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, आणि दिवसा लख्ख ऊन व रात्री गारवा असेल तर जास्त चढतो. आता गळायला आलेलं पान हलक्या हाताने देठापाशी मागे वाकवा. ते विनासायास सुटतं, कारण तिथे पेशींचा एक कमकुवत थर तयार झालेला असतो. फांदीवर राहतो तो व्रण बघा. त्यात बारीक ठिपके दिसतात, त्या पाणी आणि रस नेणाऱ्या नळ्यांच्या खुणा. आणि व्रणाच्या वर, नखाएवढीही नसलेली, घट्ट मिटलेली कळी. पुढच्या वसंतातलं पान त्यात आधीच गुंडाळून ठेवलेलं आहे. प्लेनच्या, म्हणजे चिनारच्या जातीतल्या, झाडाला ती कळी दिसत नाही. देठ ओढून काढा आणि त्याचं बूड बघा, ते टोपीसारखं पोकळ असतं, कळी त्याच्या आत झाकलेली होती. सहा वर्षांच्या मुलाला हे एकदा दाखवलं की पुढची वीस मिनिटं तो प्रत्येक झाडाचे देठ तपासत बसतो, आणि तेवढा वेळ धाकट्याला गाठायला मिळतो.

गोळा करायची मर्यादा: जे स्वतःच्या खिशात मावेल ते. सगळ्यांसाठी एक मोठी पिशवी नेली की ती शेवटी तुमच्याच खांद्यावर येते. पानं त्याच संध्याकाळी वर्तमानपत्रात वजनाखाली ठेवा, पहिला कागद दुसऱ्या दिवशी बदला, नाहीतर डाग पडतात. आठवडा-दहा दिवसांत वाळतात.

घरी आल्यावर, जिथे गोचिडी असतात त्या भागात, आंघोळीच्या वेळी कानांमागे, केसांच्या कडेला, काखेत, जांघेत, गुडघ्यांच्या मागे बघा. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेच्या अगदी लगत धरून, न पिरगळता सरळ वर ओढा. तेल, काडी, चटका काही नको. जागा धुवा, तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाली पसरली किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

आणि कपडे धुवायला टाकण्याआधी खिसे रिकामे करा. ओकच्या फळांवर बारीक गोल भोक दिसलं की मुलं ते ‘किडकं’ म्हणून फेकतात आणि गुळगुळीत, बिनभोकाची फळं बरणीत भरतात. होतं उलटं. भोक असलेल्या फळातली अळी मातीत शिरायला आधीच निघून गेलेली असते. गुळगुळीतांपैकी काहींत ती अजून आत असते, आणि दोन-चार दिवसांनी बरणीच्या तळाशी पांढरी, वळवळती, बिनपायाची अशी सापडते.