दुसरा तार षड्ज का वाजत नाही?

(दृश्य: हिरवे माळरान. रिपीटरच्या, म्हणजे सिग्नल ठरावीक विलंबाने पुढे धाडणाऱ्या घटकांच्या, दोन समांतर ओळी, त्यांच्या मधोमध सहा तपकिरी ठोकळे. दगडी बटण दाबले जाते.)

आपण आत्ता ऐकला तो भूप रागाचा आरोह-अवरोह आहे. माइनक्राफ्ट या खेळाच्या जावा आवृत्तीत उभारलेल्या एका लहानशा परिपथातून सा, रे, ग, प, ध आणि तार सा हे सहा स्वर चढत जातात आणि त्याच वाटेने उतरतात, म्हणजे एकूण बारा स्वर वाजायला हवेत. वाजले मात्र अकराच. शिवाय गंधार आणि पंचम जातानाही बिघडलेले होते आणि येतानाही.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी या निरीक्षणाचा अर्थ लावणे आवश्यक आहे. हे सहा ठोकळे दोन्ही ओळींना सामाईक आहेत. एक ओळ आरोहात त्यांना वाजवते आणि दुसरी अवरोहात. त्यामुळे जो दोष दोन्ही वेळा ऐकू येतो, तो ठोकळ्यातच असण्याची शक्यता सर्वाधिक असते, आणि जो एकदाच ऐकू येतो, त्याचे मूळ ठोकळ्याबाहेर, ऊर्जेच्या प्रवासात शोधावे लागते. पुष्कळ खेळाडू येथेच घाई करतात आणि एका चुकीच्या स्वरासाठी सारी ओळ उकलून बसतात.

(दृश्य: एका ठोकळ्यावर क्लिक होते, वर रंगीत स्वरचिन्ह उमटते.)

हा नोट ब्लॉक, म्हणजे स्वर वाजवणारा ठोकळा, जानेवारी 2011 मध्ये, खेळ अद्याप चाचणीच्या अवस्थेत असताना, त्यात आला. त्यावर प्रत्येक उजव्या क्लिकने आवाज अर्ध्या स्वराने चढतो, आणि अशा 25 पायऱ्यांत दोन सप्तके पूर्ण होतात. पहिली पायरी, म्हणजे शून्य, ही पेटी वाजवणाऱ्यांची काळी तीन होय. तेथून सहा क्लिक केल्या की पांढरी एक लागते. आपण षड्ज तेथेच धरला आहे. त्या हिशेबाने ऋषभ 8 वर, गंधार 10 वर, पंचम 13 वर, धैवत 15 वर आणि तार षड्ज 18 वर येतो.

गंधाराच्या ठोकळ्याकडे पाहत एफ-तीन ही कळ दाबली असता पडद्यावर त्याचा क्रमांक दिसतो, आणि तो 11 आहे. एक क्लिक अधिक झाल्याने गंधाराचा शुद्ध मध्यम झाला, आणि भूपात मध्यम वर्ज्य असल्याने तो कानाला तात्काळ खटकला. येथे क्लिक उलट फिरवण्याची सोय नाही. एक पायरी मागे येण्यासाठी आणखी 24 क्लिक करून संपूर्ण फेरा पुरा करावा लागतो. पंचमाचा दोष याहून सोपा आहे. ठोकळ्याचा नाद त्याच्या खाली काय आहे यावर ठरतो: लाकडावर खर्जातला बास, सोन्यावर घंटी, चिकणमातीवर बासरी आणि साध्या मातीवर तंतुवाद्याचा नाद. पंचमाखालची माती काढून कोणी दगड बसवला, की स्वराऐवजी ढोलाचा ठोका ऐकू येतो.

आता उरला अवरोहाचा पहिला स्वर, म्हणजे दुसरा तार षड्ज. माझ्या मते अशा परिपथांतील सर्वांत शिकवण देणारा दोष हाच आहे. या ठोकळ्यावर डावी क्लिक केली असता तो स्वच्छ वाजतो. नोट ब्लॉकच्या वरची जागा रिकामी नसेल, अगदी रेडस्टोनची, म्हणजे खेळात ऊर्जा वाहून नेणारी, भुकटी पसरली असली तरी तो मुका होतो. पण येथे वर काहीच नाही. परतीच्या ओळीतील त्याच्या शेजारच्या दगडापर्यंत ऊर्जा पोहोचते, कारण त्यापुढचे स्वर बिनचूक वाजतात. ठोकळा निर्दोष आणि ओळही अखंड असताना स्वर मात्र उमटत नाही.

याचे उत्तर वेळेच्या हिशेबात आहे. नोट ब्लॉक ऊर्जा असेपर्यंत वाजत राहत नाही. ऊर्जा नसलेल्या स्थितीतून असलेल्या स्थितीत जाताना तो एकदाच वाजतो, जशी दारावरची घंटा बटण दाबून धरले तरी पुन्हा टिंग करत नाही. दगडी बटणाचा सिग्नल 1 सेकंद टिकतो. आपले रिपीटर 4 टिकांवर, म्हणजे 0.4 सेकंदाच्या विलंबावर लावलेले आहेत. पहिल्या तार षड्जानंतर 0.4 सेकंदांनी परतीचा सिग्नल येतो, तेव्हा आधीचा सिग्नल ठोकळ्याला अजून धरून असतो, आणि नव्याने जागे होण्याची संधीच त्याला मिळत नाही. धैवताच्या दोन फेऱ्यांत 1.2 सेकंदांचे अंतर आहे, म्हणून तो वाचला.

हे अनुमान पडताळता येते. दगडी बटणाऐवजी लाकडी बटण लावले, तर सिग्नल 1.5 सेकंद टिकतो, आणि मग अवरोहातील धैवतही गप्प झाला पाहिजे.

(दृश्य: लाकडी बटण. परिपथ वाजतो, दोन स्वरांच्या जागा रित्या.)

तसेच घडले.

सिग्नल आखूड करावा, असा उपाय प्रथम सुचतो, परंतु तो येथे पुरत नाही. आपल्या विलंबापेक्षा आखूड सिग्नल आला, तर रिपीटर त्याला ताणून विलंबाइतका लांब करतो; म्हणजे येथे सिग्नल 0.4 सेकंदांहून लहान राहूच शकत नाही, आणि दोन षड्जांमधले अंतरही नेमके तेवढेच आहे. त्या दोहोंत फट उरत नाही, म्हणून त्यावर भरवसा ठेवणे योग्य नव्हे. खात्रीचा मार्ग म्हणजे परतीच्या ओळीच्या बाहेरच्या अंगाला, त्याच दगडाला लागून, 18 क्लिकांचा स्वतंत्र नोट ब्लॉक मातीवर बसवणे. मधला ठोकळा आरोहाचा षड्ज वाजवील आणि नवा ठोकळा अवरोहाचा.

(दृश्य: नवा ठोकळा बसवला जातो. पुन्हा दगडी बटण.)

पहिल्या षड्जापासून शेवटच्या षड्जापर्यंत 4.4 सेकंद लागतात, आणि या वेळी त्यांत बाराही स्वर ऐकू येतात.