ताणलं की तडकतं : सोलापूरच्या दुपारचा ओझोन

[दृश्य : अक्कलकोट रोड. पंक्चरचं दुकान. भिंतीला टेकवून ठेवलेले जुने टायर.]

टायर म्हातारा झाला हे कशावरून ओळखायचं? नक्षी झिजली, हे कुणीही सांगेल. पण जाणता पंक्चरवाला आधी टायरची बाजू बघतो. रिमच्या जरा वर, गाडीच्या वजनानं टायर फुगून वाकतो तिथं, तो अंगठा दाबतो. दाब पडला की आतापर्यंत न दिसलेल्या बारीक चिरा तोंड उघडतात.

[दृश्य : अगदी जवळून. अंगठा, रबर, चिरा.]

या चिरा नीट बघा. निव्वळ उन्हानं करपलेल्या रबरावर आटलेल्या तळ्यातल्या गाळासारखी वेडीवाकडी जाळी पडते. इथं तसं नाही. चिरा एकीशेजारी एक, जवळपास समांतर आहेत, आणि रबर ज्या दिशेनं ताणलं जातं तिला बरोबर आडव्या. अशी शिस्तीत चीर पाडणारा एक वायू आहे. त्याला रंग नाही, धूर नाही. ओझोन.

नैसर्गिक रबर म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. या साखळ्यांत ठरावीक अंतरानं दुहेरी बंध असतात, आणि ओझोन नेमका तिथंच घाव घालतो. रबर सैल असेल तर तुटलेली टोकं जागच्या जागी राहतात, वर एक पातळ मेलेला थर धरतो आणि आतलं रबर वाचतं. ताणलेलं असेल तर हीच टोकं एकमेकांपासून ओढली जातात, खालचं कोरं रबर उघडं पडतं आणि ओझोन आणखी आत शिरतो. म्हणून चीर वाढत जाते.

पटत नसेल तर दोन रबरबँड घ्या. एक लाकडी पट्टीवर ताणून बसवा, दुसरा शेजारी नुसता ठेवा. ऊन लागणार नाही पण वारा खेळेल अशा ठिकाणी उन्हाळाभर राहू द्या, आणि नंतर भिंगाखाली दोन्ही बघा. ताणलेला काय सांगतो ते दिसेल.

[दृश्य : पुणे-हैदराबाद महामार्ग. ट्रकांची रांग. वर पांढरं पडलेलं आकाश.]

ओझोन म्हटलं की शाळेतला तो थर आठवतो. पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवरचा, सूर्याची घातक अतिनील किरणं अडवणारा. त्याला भोक पडत चाललं म्हणून १९८७ साली मॉन्ट्रियलला करार झाला. तो ओझोन आपला पाठीराखा आहे आणि तो तिथं वरच असलेला बरा. रेणू तोच, तीन ऑक्सिजन अणूंचा. नाकाच्या उंचीवर आला की त्याचं वागणं आपल्याला परवडत नाही.

हा खालचा ओझोन कुठल्याच धुराड्यातून बाहेर पडत नाही. तो हवेत शिजतो. त्याला लागतात नायट्रोजनची ऑक्साइडं : ट्रकच्या डिझेलमधून, फताटेवाडीच्या १३२० मेगावॅटच्या वीजप्रकल्पासारख्या कोळशाच्या भट्ट्यांतून, डिझेल जनरेटरमधून. त्याला लागतात उडून जाणारी सेंद्रिय रसायनं : पेट्रोलची वाफ, रंग, थिनर, आणि ऊस तुटल्यावर रानात पेटवलेलं पाचट. आणि लागतं कडक ऊन. ते सोलापूरला कुणाकडून उसनं आणावं लागत नाही.

सकाळच्या गर्दीत सोडलेला धूर दुपारपर्यंत उन्हात तापतो आणि साधारण बारा ते चारच्या दरम्यान ओझोन चढलेला असतो. ऊन उतरलं की तोही उतरतो. पावसाळ्यात ढगांमुळे आणि धुऊन निघालेल्या हवेमुळे तो एकूणच कमी.

यात एक गंमत आहे. गाडीच्या नळीतून नुकताच बाहेर पडलेला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खातो. त्यामुळे सात रस्त्याच्या सिग्नलवर, ऐन धुरात, ओझोन कमी सापडू शकतो आणि वाऱ्याच्या दिशेला दहा-वीस किलोमीटरवरच्या, दिसायला स्वच्छ अशा वस्तीवर जास्त. शहराची हवा वाईट, गावाकडची चांगली, हे समीकरण ओझोनच्या बाबतीत सरळ लागू होत नाही.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. धुरकटलेलं लॉस एंजेलिस.]

हे सगळं उलगडलं ते रबरामुळेच. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये डोळे चुरचुरवणारं धुरकं येऊ लागलं, आणि तिथले टायर लवकर चिरतात हेही लोकांच्या लक्षात आलं होतं. आरी हागन-स्मिट हे मूळचे डच जीवरसायनशास्त्रज्ञ. ते कॅलिफोर्नियात अननसाच्या वासावर काम करत होते. अननस बाजूला ठेवून ते या धुरक्याकडे वळले आणि गाड्यांचा धूर अधिक ऊन म्हणजे ओझोन, हे १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं. तेव्हा त्यांच्याकडे मोजायचं साधन काय होतं? वाकवून धरलेली रबराची पट्टी. पहिली चीर किती मिनिटांत दिसते, त्यावरून हवेतला ओझोन.

पुढं टायरवाल्यांनी उपाय काढला. रबरात मेण आणि सहा-पीपीडी नावाचं रसायन मिसळायचं. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि रबराच्या आधी स्वतः ओझोनला सामोरं जातं. आजही बहुतेक टायरांत ते आहे. पण ओझोनशी भिडल्यावर त्यातून जे नवं रसायन तयार होतं, ते रस्त्यावरच्या टायरच्या भुकटीबरोबर पावसाच्या पाण्यात उतरतं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर कोहो जातीचे सामन मासे अंडी घालायला ओढ्यांत चढत आणि अंडी घालण्याआधीच मरत. बरीच वर्षं कुणाला कारण कळेना. २०२० साली वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी याच रसायनाकडे बोट दाखवलं.

[दृश्य : यंत्रमागाचा कारखाना. मागावर उतरणारी चादर. मग वाळत घातलेलं रंगीत सूत.]

आता आपल्या जिव्हाळ्याचं. सोलापुरी चादर, भौगोलिक मानांकन मिळालेली. तिचं सूत कापसाचं, आणि कापसाच्या धाग्यात रबरासारखे दुहेरी बंध नसतात, त्यामुळे तो ओझोनला बऱ्यापैकी पुरून उरतो. रंगाचं तसं नाही. बऱ्याच रंगांचा रंगपणाच मुळी दुहेरी बंधांच्या रांगेत असतो. ती रांग मोडली की रंग गेला.

नीळ हे त्याचं ठळक उदाहरण. निळीच्या रेणूच्या मधोमध एक दुहेरी बंध आहे. ओझोननं तो तोडला की गडद निळं द्रावण फिकं पडतं. हे इतकं नेमकं घडतं की पाण्यातला ओझोन मोजायला प्रयोगशाळा निळीचंच द्रावण वापरतात. जीन्सच्या कारखान्यांत कोऱ्या पँटला जुनाट रूप द्यायला बंद पेटीत मुद्दाम ओझोन सोडतात तो यामुळेच. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात चित्रांच्या पारंपरिक रंगांवर पूर्ण अंधारात ओझोन सोडून बघितला, म्हणजे दोष उजेडावर ढकलायला जागाच नको. हळदीचा पिवळा आणि नीळ हे लवकर हरलेल्यांत होते.

पण म्हणून गच्चीवर वाळत घातलेली चादर फिकी पडली की ओझोनच्या नावानं खडे फोडू नका. तिथं पहिला हात उन्हाचा आणि धुण्याच्या पावडरीचा. ओझोनची पाळी त्यांच्यानंतर.

[दृश्य : द्राक्षबाग. एक जुनं पान उलटून पालटून.]

नान्नज, कासेगावच्या द्राक्षबागांत पान बघायची सवय प्रत्येकाला असते. या पानाच्या वरच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे काळपट-तपकिरी ठिपके आहेत. ते शिरांच्या मधल्या जागेत. शिरा मात्र हिरव्याच. पान उलटलं की खालची बाजू स्वच्छ. बुरशी नाही, पावडर नाही. जुन्या पानांवर जास्त, कोवळ्यावर नाही. ओझोनच्या डागांचं वर्णन हे असं असतं, आणि ते पहिल्यांदा ओळखले गेले तेही द्राक्षाच्याच पानांवर, कॅलिफोर्नियात, १९५८ साली. असा डाग करपा समजून त्यावर बुरशीनाशक मारलं तर फक्त औषधाचा खर्च होतो.

ओझोन पानात शिरतो तो पर्णरंध्रांतून, कार्बन डायऑक्साइड जिथून आत येतो त्याच दारानं. आत गेला की पेशींची आवरणं जाळतो. डाग दिसला नाही तरी पान आपली साखर दुरुस्तीत घालवतं आणि दाणा भरायला कमी उरते. गहू, सोयाबीन, कापूस, कडधान्यं याला लवकर बळी पडतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेच्या संशोधकांनी २०१४ साली २००५ चा हिशोब मांडला होता : देशात त्या एका वर्षी ओझोनपायी सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ कमी पिकला. एवढ्या धान्यावर ९ कोटींहून जास्त लोकांचं पोट भरलं असतं.

आणि आपली मालदांडी? काळ्या रानात, नुसत्या जमिनीतल्या ओलीवर, थंडीत उभी राहणारी. ज्वारीला ओझोन फारसा बाधत नाही. कोरडवाहू पीक पाणी वाचवायला दुपारी रंध्रं मिटून घेतं. दार बंद तर ओझोनही बाहेर. ठिबकवर पाणी पिऊन टवटवीत असलेलं पान दुपारीही दार सताड उघडं ठेवतं. म्हणजे ज्या रानावर खर्च जास्त, तिथंच ओझोन जास्त आत जातो. दुष्काळाचा एवढा एकच फायदा माझ्या ऐकिवात आहे, आणि तोही कुणी मागून घेणार नाही.

[दृश्य : भर दुपार. रस्त्यावर डांबर पसरणारे मजूर.]

माणसाचंही गणित असंच. किती ओझोन हवेत आहे यापेक्षा किती आत ओढला, यावर सगळं ठरतं. बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो; घमेलं उचलणारा, सायकल दामटणारा चाळीस-पन्नास लिटरसुद्धा. त्यातून तोंडानं श्वास. ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे नाक-घसा त्याला पूर्ण अडवू शकत नाहीत आणि तो फुप्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंत पोचतो. तिथं सूज येते. छाती आवळल्यासारखी वाटते, खोल श्वास घेतला की खोकला येतो. दमा असेल तर तो उसळतो. लहान मुलं सगळ्यात धोक्यात, कारण सुट्टीत भर दुपारी मैदानावर क्रिकेट खेळणारी तीच.

चांगल्या धडधाकट तरुणांना बंद खोलीत साडेसहा तास, मधून मधून सायकल मारायला लावून प्रयोग झाले आहेत. हवेच्या अब्ज भागांत ओझोनचे ६० भाग असतानाही त्यांची फुंकर किंचित कमी पडली. आपल्याकडची कायदेशीर मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्जात साधारण ५० भाग. अंतर फार नाही.

तोंडाला मास्क लावून उपयोग नाही. एन-९५ धूळ अडवतो. ओझोन वायू आहे, आरपार जातो. त्यापेक्षा मे महिन्यात दुपारी दारं-खिडक्या लावून बसायची सोलापूरची जुनी सवय कामाची. बंद घरात भिंती, पडदे, एवढंच काय आपल्या कातडीवरचं तेलही ओझोन शोषून घेतं, आणि त्याचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा बरंच खाली येतं. वाळ्याचा कूलर मात्र बाहेरचीच हवा ओढतो, हे ध्यानात ठेवा. आणि ‘ओझोननं हवा शुद्ध करा’ म्हणून जी यंत्रं विकतात, ती माणूस बसलेल्या खोलीत लावू नका. पैसे देऊन दुपार घरात आणण्यातला प्रकार.

[दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर सोलापूरचा हवा निर्देशांक.]

शेवटी हा आकडा. आठ प्रदूषकांचे वेगवेगळे निर्देशांक काढून त्यातला जो सगळ्यात मोठा, तोच इथं मोठ्या अक्षरांत झळकतो. सोलापुरात बहुतेक वेळा तो धुळीचा असतो, आणि धुळीच्या मागे ओझोन झाकला जातो. आकड्यावर बोट ठेवा. खाली प्रत्येक प्रदूषकाची ओळ उघडते. त्यात ओझोनची बघा, आणि दिवसभराची सरासरी बघत बसू नका. दुपारी दोन ते चारच्या रकान्यात काय आहे ते बघून मग मुलांच्या मॅचची वेळ ठरवा.