पाच वर्षांची हमी आणि सहावा पावसाळा

मंडळी, तुम्हाला ताबा मिळून दोन वर्षं झाली, म्हणजे सध्या तुमचे सुखाचे दिवस आहेत. भिंतीला भेग गेली की बिल्डरला फोन, डक्टमध्ये पाइप गळला की बिल्डरला फोन. मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी मला विचारलंच, "हमी आहे तोवर रिपेअर फंड कशाला? मेंटेनन्स काय कमी आहे?"

हमी खरी आहे, काका. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या रेरा कायद्याच्या कलम १४(३)प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्यानं तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा. महाराष्ट्राच्या जुन्या मोफा या फ्लॅट कायद्यात ही मुदत तीनच वर्षं होती. पण ही हमी दोषाची आहे, झिजेची नाही. पंपाची मोटर वापरून वापरून जळली, तर त्याला तो कशाला बांधील राहील?

आणि इमारतीचं खरं दुखणं सावकाश येतं. टेरेसमधून पाणी मुरतं, आतल्या सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते. गंजली की फुगते आणि वरच्या काँक्रीटला ढकलते. तुमच्या हॉलच्या छताचे पोपडे पडायला लागतात तेव्हा आत हे सगळं वर्षानुवर्षं चाललेलं असतं. आमच्या इमारतीत ते सहाव्या पावसाळ्यात दिसलं. बिल्डरनं कायद्याकडे बोट दाखवलं. आम्ही वॉटरप्रूफिंगवाला आणला. त्यानं लेटरहेडवर दहा वर्षांची गॅरंटी दिली, आम्ही खूश. पुढं एका सभासदानं डिशची छत्री बसवायला टेरेसला चार भोकं पाडली आणि गॅरंटी तिथंच संपली. तशी अट खाली बारीक अक्षरात होतीच. आम्ही कुणी वाचली नव्हती. मी तेव्हा सेक्रेटरी होतो, हेही सांगून टाकतो.

आता पैशांचं. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, दुरुस्ती निधी (रिपेअर फंड) वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण, किमान ०.२५ टक्के सांगितलाय. जमिनीची किंमत त्यात धरायची नाही, हे लक्षात घ्या. फ्लॅटच्या बाजारभावावर एक टक्का काढून लोक उगाच घाबरतात. समजा तुमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च १५ लाख. दुरुस्तीचे ११,२५० आणि सिंकिंगचे ३,७५०, मिळून वर्षाला १५,०००. म्हणजे महिना १,२५०. तुमच्यासारख्या चाळीस फ्लॅटचे वर्षाला सहा लाख, सात वर्षांत व्याज सोडून ४२ लाख. हे नसलं की सहाव्या वर्षी घरटी पन्नास हजार, लाख असे एकदम मागावे लागतात. मग निम्मे लोक देतात, निम्मे भांडतात, आणि स्लॅब तोवर गळत राहतो.

म्हणजे कुठलाच करार घेऊ नका असं नाही. लिफ्टचा एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, घ्याच. तिथं प्रश्न जिवाचा आहे आणि ते काम गल्लीतल्या मेकॅनिकचं नव्हे. फक्त सुटे भाग त्यात धरलेत की नुसतीच देखभाल, हे सहीआधी विचारा. घरातल्या मिक्सर-फ्रिजवर दुकानदार वाढीव वॉरंटी गळ्यात मारतो, ती मी घेत नाही. तेवढे पैसे बाजूला टाकतो, मोडलं तर त्यातून दुरुस्त करतो.

राहता राहिली तुमची उरलेली तीन वर्षं. ती फुकट घालवू नका. प्रत्येक पावसाळ्यात टेरेस, डक्ट, बाथरूमखालचे स्लॅब यांचे फोटो काढा, तारखेसकट. तक्रार फोनवर नको, लेखी द्या आणि पोच घ्या. ताब्याची तारीख घरागणिक वेगळी असते, म्हणून कमिटीनं सगळ्यांची ताबापत्रं एका फायलीत आजच गोळा करावीत. आमच्याकडे सहाव्या वर्षी ती शोधताना सात घरांची सापडलीच नाहीत.