आधी गंजी काढ!

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतली दोन मुलं घरी आली. डिसेंबरात केदारकंठाला निघालीत. उत्तराखंडात, साडेबारा हजार फुटांवर, बर्फात. हातात यादी होती. दोन थर्मल, दोन स्वेटर, एक जाडजूड जॅकेट, माकडटोपी, मफलर. म्हणाली, काका, काही राहिलं का बघा. मी विचारलं, यातलं काढणार काय आणि कधी? दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.

घालायची यादी सगळ्यांकडे असते हो. काढायची कुणाकडेच नसते.

तर थंडीतल्या डोंगरभटकंतीचे कपडे हा आजचा विषय, आणि मी बोलणार आहे ते मुख्यतः काढण्याबद्दल. एक वाक्य आधीच सांगून ठेवतो. मध्येमध्ये पुन्हा सांगेन, कंटाळू नका. घाम फुटायच्या आधी काढा, थंडी वाजायच्या आधी घाला. लिहून घेणाऱ्यांसाठी पुन्हा एकदा. घाम फुटायच्या आधी काढा, थंडी वाजायच्या आधी घाला.

हे शहाणपण मला हरिश्चंद्रगडावर मिळालं. साल १९९१, महिना डिसेंबर. दत्तजयंतीच्या आसपासचं चांदणं होतं. आम्ही कॉलेजातले चौघं कल्याणहून आळेफाट्याकडे जाणाऱ्या रात्रीच्या एसटीने निघालो आणि माळशेज घाट चढून गेल्यावर खुबी फाट्याला उतरलो. रात्रीचे बारा वाजून गेलेले. बेत असा, की चांदण्यात खिरेश्वर गाठायचं, तोलार खिंडीतून वर चढायचं आणि उजाडताना गडावर असायचं.

आता माझा अवतार ऐका. सगळ्यात आत सुती गंजीफ्रॉक. त्यावर शर्ट. त्यावर आईने विणलेला मेंदी रंगाचा, वेणीच्या विणीचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर. निघताना आईची ताकीद, "स्वेटर अंगावेगळा करायचा नाही." आणि सगळ्यावर रेक्झिनचं काळं जॅकेट. ते माझं नव्हतं. बहिणीचं लग्न नुकतंच झालं होतं, ते जॅकेट दाजींचं. दाजी ते घालून स्कूटर चालवायचे आणि रविवारी त्याला खोबरेल तेलाचा हात लावायचे. मला देताना त्यांनी दोनदा विचारलं होतं, "नक्की लागणार आहे का?" खाली जीन्स. डोक्यावर माकडटोपी. एसटीच्या कंडक्टरने तिकीट देताना माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता हा अर्धं तिकीट फाडतो की काय.

खिरेश्वर सुटलं आणि चढ सुरू झाला. पंधरा मिनिटांत पाठीवरून पहिला ओघळ उतरला. मी काय केलं? काही नाही. आईने सांगितलंय, काढायचा नाही. शिवाय दाजींचं जॅकेट हातात धरलं तर काटेरी झुडपांना घासेल, त्यापेक्षा अंगावर बरं. खिंडीपाशी दगडात कोरलेला वाघ आहे, तिथे टॉर्च मारून बघत थांबलो तेव्हा एक मित्र ओरडला, "अरे, तुझ्या कॉलरमधून वाफ येतेय!" आम्ही चौघंही हसलो. मला तर अभिमानच वाटला. इंजिन तापलंय म्हटलं. आणि तापलंय म्हणून पुढचा कातळटप्पा आणि वरचे सगळे चढउतार मी जवळजवळ पळतच काढले.

देवळापाशी मी सगळ्यांत आधी पोचलो. पहाटेचे साडेचार. बाकीचे तिघं मागे. मी ऐटीत एका दगडावर बसलो, त्यांची वाट बघत. चांदण्यात हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ काय दिसतं म्हणून सांगू! आणि तेवढ्यात वारा सुटला.

पहिली दहा मिनिटं छान वाटलं. पुढची दहा जरा गार. मग दात वाजायला लागले. पिशवीतून चादर काढून पांघरली, उपयोग शून्य. शेकोटी करावी म्हणून काडेपेटी काढली, तर काडी बोटांत धरता येईना. एक पडली, दुसरी पडली, मग अख्खी पेटीच पडली. मित्र आले तोवर माझी जीभ जड झाली होती. मी म्हणत होतो "शेकोटी", त्यांना ऐकू येत होतं "शोटी". ते पुन्हा हसले. श्रोतेहो, इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. थंडीत माणूस बरळायला लागला, अडखळायला लागला, हातातून वस्तू पडायला लागल्या, तर हसायचं नाही. ती धोक्याची घंटा असते. हसायचं नाही.

आमचा गोंधळ ऐकून शेजारच्या गुहेतून एक म्हातारेबाबा बाहेर आले. पाचनईचे. कसल्याशा कामाने गडावर आले होते आणि मुक्काम गुहेत. डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतलेली. त्यांनी काही विचारलं नाही. सरळ माझ्या कॉलरमधून पाठीवर हात घातला, बाहेर काढला आणि तो ओला हात माझ्याच गालाला पुसला.

"ह्यो तर भिजल्याला हाये. आधी गंजी काढ."

मी कसाबसा म्हणालो, "बाबा, थंडी वाजतेय, काढू कशी?"

"तिच्यामुळंच वाजती."

जॅकेट काढायला गेलो तर चेन अडकली. माझी बोटं चालत नव्हती, मित्रांना ती सापडत नव्हती. बाबांनी दोन्ही बाजू धरल्या आणि एकच हिसका दिला. टर्रर्र! दाजींच्या जॅकेटची चेन वरपासून खालपर्यंत उसवली. जॅकेट आतून असं ओलं, की उलटं धरलं तर बाहीतून थेंब गळले. मग स्वेटर काढला, शर्ट काढला, गंजी काढली. बाबांनी गंजी पिळली. श्रोतेहो, दगडावर धार पडली, धार. तेवढा सगळा घाम मी अंगावर वागवत होतो.

आणि मग त्यांनी जे केलं ते मी आजवर विसरलो नाही. आईचा स्वेटर दोनदा हवेत झटकला आणि तोच, उघड्या अंगावर, मला घालायला दिला. आत काही नाही, गंजी नाही, शर्ट नाही. वरून स्वतःची घोंगडी दिली. गुहेत वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात पेंढ्यावर बसवलं. गुळाचा कोरा चहा पाजला. लोकर अशी टोचत होती म्हणता, की मुंग्यांच्या वारुळात बसल्यासारखं. पण अर्ध्या तासात माझे दात वाजायचे थांबले.

बाबा स्वेटरची वीण चाचपून बघत म्हणाले, "आयनं केला न्हवं? मंग आतलं-भायेरलं घालून कशापायी बिघडावला?"

बघा, एका वाक्यात सगळं आलं. स्वेटर बरोबर होता. आतली गंजी चूक होती आणि बाहेरचं रेक्झिन चूक होतं. सुती कापड घाम पितं आणि धरून बसतं. पाण्यातून उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने वाहून जाते, म्हणजे ओली गंजी अंगात घालणं हे गार पाण्याची पट्टी छातीवर ठेवून हिंडण्यासारखं. आणि रेक्झिनमधून वाफ बाहेर जात नाही, ती आतच थंड होऊन पुन्हा पाणी होते. लोकरीचं निराळं आहे. ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. भिजली तरी थोडीफार ऊब राखते. धनगर पावसाळाभर घोंगडीत राहतो तो उगाच नाही.

मला तेव्हाही शंका काढायची खोड होतीच. मी बाबांच्या अंगाकडे पाहिलं. त्यांच्या घोंगडीच्या आतसुद्धा सुतीच बंडी! म्हटलं, बाबा, मग तुम्हाला कशी चालते? म्हणाले, "मला कुठं घाम येतोय? तुमी पळत चढता."

दाजींचं सांगायचं राहिलं. मी नवी चेन बसवून जॅकेट परत केलं. चेन चंदेरी होती आणि आता सोनेरी आली, एवढाच फरक. दाजी काही बोलले नाहीत. अजूनही बोललेले नाहीत. फक्त दर दिवाळीला फराळाच्या ताटावर विचारतात, "काय, यंदा थंडी कशी आहे?"

काचेपलीकडून निवेदिकाबाई घड्याळ दाखवताहेत, म्हणजे माझा निम्म्याहून जास्त वेळ दाजींच्या जॅकेटने खाल्ला. आता भराभर सांगतो.

कपड्यांचे थर तीन. तीन कामं, तीन थर. आतल्या थराचं काम घाम अंगापासून दूर नेणं. तिथे सुती नको, म्हणजे नकोच. पॉलिएस्टरचा खेळाचा टी-शर्ट, तुमच्या मुलाची फुटबॉलची जर्सी चालेल. पैसे असतील तर मरिनो लोकरीचा, तो टोचत नाही. मधल्या थराचं काम ऊब धरणं, तिथे स्वेटर किंवा फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कृत्रिम कापडाचा कपडा. ऊब म्हणजे काय, तर धाग्यांच्या मध्ये अडकलेली स्थिर हवा. म्हणून एका जाडजूड कपड्यापेक्षा दोन पातळ बरे, आणि ते घट्ट नकोत. बाहेरच्या थराचं काम वारा अडवणं. साधी विंडचीटर पुरते, फक्त आतली वाफ बाहेर जायला काखेत किंवा पाठीला वाट हवी. आत सुती नको, मध्ये कोंडलेली हवा, बाहेर वाऱ्याला भिंत.

स्वेटरचा विषय निघालाच आहे तर एक बोलून घेतो. पूर्वी लोकलच्या लेडीज डब्यात ठाणे ते व्हीटी सुया चालायच्या. दोन उलट, दोन सुलट, आणि कुर्ल्याला कोपर पूर्ण. आता सगळ्यांची बोटं चालतात ती काचेवर. माझ्या नातवाला स्वेटर म्हणजे दुकानात मिळणारी वस्तू वाटते. मला विचाराल तर शाळेत संगणक जरूर शिकवा, पण सहावीतल्या प्रत्येक मुलाला, मुलीलाच नव्हे, मुलालासुद्धा, एक मफलर विणता आला पाहिजे. असो. बाई हसताहेत.

केदारकंठाच्या मुलांना मी जे सांगितलं ते तुम्हाला सांगतो. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. आपला हरिश्चंद्रगड चौदाशे मीटर, कळसूबाई १६४६. केदारकंठा अडतीसशेच्या घरात, वर बर्फ आणि वारा. तिथे शिखराची चाल रात्री तीनच्या सुमाराला सुरू होते. तंबूतून बाहेर आलं की थंडी अशी झोंबते की सगळे असतील नसतील ते कपडे चढवतात, पिसांचं फुगीर जॅकेटसुद्धा. आणि अर्ध्या तासात घामाने भिजवतात. पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात. फुगणं गेलं की हवा गेली, हवा गेली की ऊब गेली. उरतं ते हातात धरायला महागडं ओझं.

पिसांच्या जॅकेटची मी थट्टा करतोय असं समजू नका. १९२२ साली एव्हरेस्टच्या मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचा गिर्यारोहक फुग्याच्या कापडाचा, आत आयडर बदकाची पिसं भरलेला कोट घालून गेला, तेव्हा सोबतच्या ट्वीडवाल्या साहेबांनी त्याची भरपूर टिंगल केली. वर वारा सुटल्यावर टिंगल बंद झाली. कोट उत्तमच. पण तो थांबल्यावर घालायचा. चालताना पिशवीत, आणि पिशवीत सगळ्यांत वर, म्हणजे थांबल्याबरोबर हाताला लागेल. थांबल्याबरोबर घालायचा, हुडहुडी भरल्यावर नव्हे.

आणि निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पहिली दहा मिनिटं जरा कुडकुडत चाला. मग थांबा, एक थर उतरवा. याला दोन मिनिटं लागतात, पण माणसं थांबायला लाजतात. ग्रुप पुढे जाईल म्हणून घाम अंगावर घेऊन चालतात. अरे, जाऊ दे की पुढे! आणि तो ग्रुप ब्लूटूथचा स्पीकर लावून गडावर गाणी वाजवणारा असेल, तर आनंदाने जाऊ दे.

घाम फुटायच्या आधी काढा, थंडी वाजायच्या आधी घाला. हे झालं तिसऱ्यांदा.

झोपायचे कपडे वेगळे. एक टी-शर्ट, एक पायजमा, एक मोज्यांची जोडी, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायची आणि दिवसा त्या पिशवीला हात लावायचा नाही. कितीही मोह झाला तरी नाही. मुक्कामाला पोचलं की चहाच्या आधी, फोटोच्या आधी, सगळं ओलं उतरवून हे कोरडं चढवायचं. पांघरुणात नाकतोंड खुपसून झोपू नका, श्वासाची वाफ आत साठते आणि पहाटे सगळं दमट होतं. मोजे दोन जोड्या एकावर एक चढवून बूट घट्ट होत असतील तर एकच घाला, आवळलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात.

टोपीचं एका श्रोत्याने पत्राने विचारलंय, की अंगातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते हे खरं का. निम्मी नाही हो. डोकं शरीराचा जेवढा भाग आहे साधारण तेवढीच, दहाव्या हिश्शाच्या आसपास. पण टोपी घाला. कारण ती काढायला सगळ्यांत सोपी. चढावर पहिली टोपी काढायची, मग मफलर, मग गळ्याची चेन उघडायची, आणि एवढ्यावरही घाम येत असेल तर चाल कमी करायची. बाबांची बंडी आठवा.

लाल दिवा लुकलुकतोय. एकच राहिलं. जीन्स. जीन्स म्हणजे सुतीच कापड, तेही जाड, भिजलं की दोन दिवस वाळत नाही. त्या रात्री वर मला स्वेटर-घोंगडीची ऊब मिळाली, पण जीन्स तशीच ओली होती आणि माझे गुडघे दुपारपर्यंत गार होते. जीन्स घरी ठेवा. नमस्कार.